घरात बंदूक आहे का?

लेक चार वर्षांची असताना तिला वार्षिक तपासणीला घेऊन गेले, तर रिसेप्शनवरच्या बाईंनी क्लिपबोर्डला लावलेला एक फॉर्म हातात दिला. कारसीट वापरता का, घरी स्विमिंग पूल आहे का, घरात कुणी सिगरेट ओढतं का, आणि मग त्याच रांगेत, त्याच टायपात, घरात बंदूक आहे का, असेल तर कुलपात ठेवता का. मला हसूच आलं. आम्ही तेव्हा एच-वन-बी वर होतो, आणि त्या व्हिसावर शिकारीचं लायसन्स वगैरे एखाददुसरा अपवाद सोडला तर बंदूक बाळगणं हाच मुळात गुन्हा, त्यामुळे 'नाही'वर टिक मारली आणि विसरून गेले.

संध्याकाळी कुंपणाशी गप्पा मारताना हे गंमत म्हणून शेजाऱ्यांना सांगितलं तर ते अजिबात हसले नाहीत. मी त्यांना तोंडावर नावानेच हाक मारते, इथली पद्धतच तशी, पण मनात ते माझे काकाच आहेत, वय पंचाहत्तरच्या घरात, व्हिएतनामला जाऊन आलेले, गुडघे गेलेले, घरी बायकोशी स्पॅनिशमध्ये भांडणारे, आणि दर ऑक्टोबरला एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणांच्या, शिकारीला डोंगरात जाणारे. म्हणाले, "मी ती ओळ कोरी सोडतो. दरवेळी." मी म्हटलं, "अहो पण डॉक्टर काय करणारेत त्याचं?" तर म्हणाले, "डॉक्टर काही करणार नाही गं, डॉक्टर ते कॉम्प्युटरमध्ये टाकणार."

आम्ही न्यू मेक्सिकोत राहतो, रिओ रांचोमध्ये, म्हणजे अल्बुकर्कला चिकटून पण काउंटी, म्हणजे जिल्हा, वेगळी. (ही काउंटीची भानगड पुढे लागणार आहे.) मी घरूनच मेडिकल कोडिंग करते. पेशंटची फाइल वाचायची आणि काय झालं, कशाने झालं, त्याचे कोड टाकायचे. कुत्रा चावला त्याचा कोड आहे, शिडीवरून पडला त्याचा आहे, आणि गोळी लागली त्याचे तर बरेच आहेत. हेतू कुणी लिहिलेलाच नसेल तर अपघात धरायचा हा आमच्या कामाचा जुना नियम, आणि इमर्जन्सीत रात्री दोन वाजता रक्त थांबवणाऱ्या माणसाला हेतूबितू लिहायला वेळ कुठून असणार, त्यामुळे 'अपघात' म्हणून गेलेल्या गोळ्यांपैकी किती खरंच अपघाती असतील देव जाणे. हे आधी सांगून टाकते, कारण काका जेव्हा म्हणतात की आरोग्यवाल्यांचे आकडे गंडलेले असतात तेव्हा मी त्यांना ठामपणे गप्प करू शकत नाही. त्या आकड्यांची एक वीट मीच रचते ना.

बंदूक मला अगदीच परकी नाही. आमच्या आजोबांकडे सिंधुदुर्गात ठासणीची होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. रानडुकरं आली की बार काढायचा, ती पळायची, बहुतेक वेळा नुसता आवाजच. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची, आणि निवडणूक नेमकी भात तयार व्हायच्या वेळी आली की आजोबा ओसरीवर बसून करवादायचे, "बंदूक ठाण्यात नि डुकरं शेतात!" पण जमा करायचेच. सरकारने दिलेली वस्तू सरकार कधीही मागू शकतं हे त्यांना मान्यच होतं. ही गोष्ट काकांना सांगितली तर त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी आजोबांची किडनी काढून घेतल्याचं सांगतेय. इथे तो परवाना नाही, हक्क आहे, राज्यघटनेत लिहिलेला, आणि हा फरक डोक्यात शिरायला मला पाचेक वर्षं लागली. परवान्यात सरकार देतं आणि तुम्ही कारण सांगता. हक्कात कारण सरकारने सांगायचं असतं.

तर कॉम्प्युटरची भीती. मला ती आधी निव्वळ वेडेपणा वाटायची, पण एकेक धागा ओढत गेले तर ती इतकीही हवेतली निघाली नाही. १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची यादी करायलाच बंदी आहे. २०१० च्या ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यात सुद्धा एक कलम घातलंय की विम्याच्या वेलनेस कार्यक्रमांतून बंदुकीची माहिती गोळा करायची नाही. म्हणजे ही भीती फक्त आमच्या कुंपणापलीकडची नाही, संसदेने दोन दोनदा कायद्यात लिहून ठेवलेली आहे. डॉक्टरने विचारायला बंदी कुठेच नव्हती, फक्त फ्लोरिडाने २०११ मध्ये तसा कायदा करून बघितला, कारण काय तर तिथे एका आईने या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही म्हणून मुलांच्या डॉक्टरांनी तिला दुसरा डॉक्टर शोधायला सांगितलं होतं. २०१७ मध्ये कोर्टाने तो कायदा बहुतांशी उडवला, डॉक्टरलाही बोलायचं स्वातंत्र्य आहे म्हणून. मला तो निकाल पटतो, आणि त्या डॉक्टरचं वागणं अजिबात पटत नाही.

काकांचे गुडघे इतके दुखतात, पण गांजाचं मेडिकल कार्ड काढत नाहीत. इथे राज्यात गांजा कायदेशीर आहे, केंद्रात नाही, आणि बंदूक घेताना जो केंद्राचा फॉर्म भरायचा त्यात सरळ विचारतात की गांजा घेता का, आणि खाली ठळक सूचना असते की राज्यात चालत असला तरी आमच्या लेखी नाही. म्हणजे दुखणं की रायफल, एक निवडा. आणि दुसरं, हे मला फार उशिरा कळलं, त्यांना पैशांचे हिशोब जमेनासे झाले होते, चेक दोन दोनदा जायचे, पण माजी सैनिकांच्या खात्याकडे मदत मागायला तयारच नव्हते. कारण त्या खात्याने पेन्शन सांभाळायला दुसरा माणूस नेमला की तुमचं नाव आपोआप बंदूक घ्यायला अपात्र लोकांच्या यादीत जायचं, ना न्यायाधीश, ना कोर्टातली सुनावणी. चेकबुक सांभाळता येत नाही आणि माणूस धोकादायक आहे या दोन गोष्टी कुठल्या बाबूने एका खणात ठेवल्या कोण जाणे! मार्च २०२४ मध्ये संसदेने बजेटमध्ये अट घालून ते थांबवलं, न्यायाधीशाचा हुकूम असेल तरच. काकांनी ती बातमी कापून फ्रिजवर लावली होती.

या सगळ्या भांडणाचं मूळ मात्र जुनं आहे, मी इथे येण्याच्या कितीतरी आधीचं. १९८६ मध्ये आर्थर केलरमन नावाच्या डॉक्टरांनी सिअ‍ॅटलच्या भागातले मृत्यू तपासून एका मोठ्या वैद्यकीय जर्नलमध्ये लिहिलं की घरातल्या बंदुकीने स्वसंरक्षणात एक माणूस मारला जातो तेव्हा तशाच बंदुकीने बाकीचे ४३ मरतात. हा ४३ चा आकडा इतका गाजला की काकांना तो अजून पाठ आहे, शिवी पाठ असते तसा. १९९४ मध्ये सीडीसीच्या, म्हणजे केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेच्या इजा विभागाचे प्रमुख मार्क रोझेनबर्ग बोलून गेले की सिगरेट कशी एकेकाळी रुबाबाची गोष्ट होती आणि आता घाणेरडी, जीवघेणी आणि बंदी घातलेली झालीय, बंदुकीकडेही लोकांनी तसंच बघायला हवं. झालं! संशोधन करणाऱ्याने निकाल आधीच लिहून ठेवलाय असं बंदूकवाल्यांनी धरलं, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य वाचून मीही तेच धरलं असतं. १९९६ मध्ये आर्कान्सॉचे खासदार जे डिकी यांनी बजेटमध्ये एक ओळ घुसवली की या पैशातून बंदूक-नियंत्रणाचा प्रचार करायचा नाही, आणि सीडीसीचे २६ लाख डॉलर काढून दुसरीकडे वळवले, बरोब्बर तेवढेच जेवढे आदल्या वर्षी बंदुकीच्या संशोधनावर खर्च झाले होते. संशोधनाला बंदी असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण समजायचं ते सगळे समजले, आणि पुढची वीसेक वर्षं या विषयाला सरकारी पैसा जवळजवळ नाहीच. थेट डिसेंबर २०१९ मध्ये २.५ कोटी डॉलर मंजूर झाले.

गंमत म्हणजे हेच डिकी आणि हेच रोझेनबर्ग पुढे मित्र झाले. २०१२ मध्ये दोघांनी मिळून वर्तमानपत्रात लेख लिहिला की आम्ही दोघंही आता म्हणतो संशोधन व्हायला हवं, गाड्यांवर बंदी न घालता रस्त्यावरचे मृत्यू कमी केलेच ना आपण. काकांना हे माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "मग सोळा वर्षं कशाला वाया घालवली दोघांनी?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता काउंटीची भानगड. सप्टेंबर २०२३. इथे सप्टेंबर म्हणजे हिरव्या मिरच्यांचा महिना, दुकानांच्या पार्किंगमध्ये जाळीचे पिंप गॅसवर फिरवत पोत्यांनी मिरच्या भाजतात आणि सगळ्या गावाला वास सुटतो, मला दरवर्षी ठेच्याची आठवण होऊन पोटात कालवतं. त्या आठवड्यात बेसबॉलच्या स्टेडियमबाहेर गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि अकरा वर्षांचा मुलगा गेला. गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम, ज्या स्वतः पूर्वी राज्याच्या आरोग्यमंत्री होत्या, त्यांनी आणीबाणी जाहीर केली आणि ८ सप्टेंबरला आरोग्य खात्याचा आदेश निघाला. ज्या शहरात किंवा काउंटीत लाखामागे वर्षाला १,००० हिंसक गुन्हे आणि वर्षभरात लाखामागे ९० पेक्षा जास्त बंदुकीच्या जखमांच्या इमर्जन्सी भेटी, तिथे सार्वजनिक जागी बंदूक बाळगायची नाही, ३० दिवस, लायसन्स असलं तरी, दंड ५,००० डॉलरपर्यंत. या चाळणीत फक्त अल्बुकर्क आणि त्याची बर्नालिओ काउंटी बसत होती. म्हणजे आमच्या गल्लीत काकांच्या कमरेचं पिस्तूल कायदेशीर, आणि मिरच्या आणायला गाडीने दहा मिनिटं खाली गेले की तोच माणूस तेच पिस्तूल घेऊन आरोग्याला धोका.

आणि ते ९०! मी बसून विचार करत होते की त्या नव्वदात माझ्या हातचे किती असतील. मी कोड टाकला तेव्हा तो बिलासाठी होता हो. त्यातून उद्या कुणाच्या हक्काची रेघ आखली जाईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

पत्रकारांनी गव्हर्नरबाईंना विचारलं की गुन्हेगार हा आदेश पाळतील का, तर त्या नाही म्हणाल्या. आणि वर म्हणाल्या की कुठलाच घटनात्मक हक्क माझ्या मते निरपवाद नसतो. त्या रविवारी ओल्ड टाउनमध्ये लोक उघडपणे बंदुका घेऊन जमले. काउंटीच्या शेरीफने अंमलबजावणीला नकार दिला, गव्हर्नरबाईंच्याच पक्षाच्या अ‍ॅटर्नी जनरलने कोर्टात बाजू मांडायला नकार दिला, आणि बंदूक-नियंत्रणासाठी आयुष्य वाहिलेली नावाजलेली मंडळीसुद्धा म्हणाली की आरोग्याच्या आणीबाणीने राज्यघटना बाजूला ठेवता येत नाही. १३ तारखेला न्यायाधीशांनी आदेश थांबवला. दोन दिवसांनी तो बागा आणि मुलांच्या खेळाच्या मैदानांपुरता उरला. त्या अकरा वर्षांच्या पोराबद्दल तोवर बोलायचं सगळे थांबले होते, सगळं बोलणं आदेशाबद्दल. माझा राग त्याचा आहे.

कायद्याच्या अंगाने तर हे टिकणारच नव्हतं. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या खटल्यात सांगून ठेवलंय की बंदुकीच्या निर्बंधाला जनहिताच्या तराजूत तोलायचं नाही, तसा निर्बंध देशाच्या इतिहासात, परंपरेत होता का ते बघायचं. म्हणजे मी हजार कोड टाकून हजार मृत्यू दाखवले तरी कोर्टात त्याचं वजन नाही. हा निकाल मला विचित्र वाटतो, अजूनही, पण मग ज्यांना हे माहीत होतं त्यांनी तरी आरोग्य खात्याच्या लेटरहेडवर हे का काढावं?

त्या आठवड्यात मला सारखं पुणं आठवत होतं. १८९७ चा प्लेग. आजीच्या तोंडून ऐकलेल्या, तिनेही ऐकलेल्याच गोष्टी, गोरे सोजीर बुटांसकट देवघरात कसे शिरले, बायाबापड्यांना तपासायला रस्त्यावर कसं आणलं, सामान कसं जाळलं. प्लेग खोटा नव्हता. माणसं पटापट मरत होती, आणि घरं तपासणं, आजारी माणसाला वेगळं ठेवणं हे त्या काळच्या ज्ञानानुसार अगदीच चुकीचंही नव्हतं. पण काम दिलं रँडला, जो डॉक्टर नव्हता, साताऱ्याकडचा आयसीएस अधिकारी होता, आणि हाताखाली दिलं सैन्य. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं ते आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. मला चापेकर आणि काकांना एका ओळीत बसवायचं नाहीये, इथे कुणी परकीय राज्य करत नाहीये, गव्हर्नर निवडून आलेली आहे, आणि कोर्टाने पाच दिवसांत आदेश रोखलासुद्धा. पण आरोग्याच्या नावाने उंबरठ्याच्या आत येणाऱ्या सरकारकडे बघताना पोटात जे होतं ना, ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. त्या प्लेगसाठी केलेला साथरोग कायदा २०२० मध्ये आपल्याकडे कोविडला परत काढलाच की.

काकांना हे सगळं सांगितलं तर त्यांनी मलाच गांधीजी ऐकवले. ब्रिटिशांच्या दुष्कृत्यांमध्ये सगळ्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा इतिहासाला सर्वांत काळा वाटेल, असं ते वाक्य, इथल्या बंदूकवाल्यांना तोंडपाठ असतं. मी सांगितलं, ते त्यांनी १९१८ मध्ये खेड्याकडे, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, ब्रिटिशांच्याच फौजेत माणसं भरती करताना पत्रकात लिहिलं होतं. "म्हणजे लिहिलं होतं ना," काका म्हणाले. आता काय बोलणार.

जून २०२४ मध्ये तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे जनतेच्या आरोग्यावर बोलणारे केंद्र सरकारचे मुख्य डॉक्टर, विवेक मूर्ती, मूळ कर्नाटकातल्या आईवडिलांचे, त्यांनी बंदुकीची हिंसा हे सार्वजनिक आरोग्याचं संकट आहे असं जाहीर केलं. याच माणसाची नेमणूक २०१४ मध्ये वर्षभर अडली होती कारण त्याने ट्विटरवर बंदूक हा आरोग्याचा प्रश्न आहे असं लिहिलं होतं. अहवालात होतं की २०२० पासून मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक. काका लगेच म्हणाले, एकोणीस वर्षांचा टोळीतला पोरगा 'मूल' कसा? बरोबर आहे, त्यांनी १ ते १९ वर्षं धरली होती. मार्च २०२५ मध्ये नवं सरकार आल्यावर तो अहवालच सरकारी वेबसाइटवरून काढून टाकला, आणि तेव्हा मात्र मी काकांशी कडकडून भांडले. आकडा चुकला तर आकड्याशी भांडा, पान फाडून काय होतं?

त्याच भांडणात मी तो ४३ चा आकडा काढला. कारण मी तो मूळ पेपर वाचला होता. त्या ४३ मध्ये १.३ अपघात, ४.६ खून, आणि ३७ आत्महत्या. काका म्हणाले, "बघ! फसवणूक. आत्महत्या करणारा कसाही करतो." मी म्हटलं, नाही. औषधाच्या गोळ्या खाल्लेली माणसं माझ्या फायलींमध्ये येतात, पोट धुऊन घरी जातात, बहुतेक जगतात. बंदुकीचा आत्महत्येचा कोड मला क्वचित लागतो, का माहितेय, दहातली नऊच्या आसपास माणसं वाचतच नाहीत, बरीचशी तर हॉस्पिटलपर्यंतही येत नाहीत. आणि आजही या देशात बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त तीच आहेत, त्यात म्हातारे पुरुष किती. ते ३७ खोटे नाहीत. तुम्हाला ते ४३ मधून वजा करायचे असतात आणि दुसऱ्या बाजूला ते नुसते बेरजेत हवे असतात.

काका काही न बोलता आत गेले. मला वाटलं संपलं आता आपलं.

त्यांची बायको आदल्या हिवाळ्यात गेली होती. हे मी आधी सांगायला हवं होतं.

न्यू हॅम्पशायरमध्ये २००९ मध्ये एक गोष्ट झाली होती. एकाच दुकानातून बंदूक घेऊन आठवड्याभरात तीन जणांनी, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या, जीव दिला. दुकानदार हादरला. मग तो आणि आत्महत्या रोखण्यावर काम करणारी आरोग्यवाली मंडळी एकत्र बसली, आणि दुकानाच्या काउंटरवर ठेवायला पत्रकं आणि पोस्टर तयार झाली, गिऱ्हाइकात काय ओळखायचं, आणि ओळखीतला माणूस कठीण काळातून जात असेल तर त्याच्या बंदुका काही दिवस दुसरीकडे ठेवा. ना कायदा, ना फॉर्म. राज्यातल्या निम्म्याच्या आसपास दुकानांनी ती पत्रकं लावली, पुढे बाकीच्या राज्यांनी उचललं. मी हे प्रिंट काढून काकांच्या मेलबॉक्समध्ये टाकलं होतं, भांडणानंतर, सॉरी म्हणायच्या ऐवजी.

आठ-दहा दिवसांनी दार वाजलं. काकांच्या हातात पाकीट. आत तिजोरीची किल्ली, त्यांच्या गन सेफची, एकच. म्हणाले, "दुसरी नदीत टाकली." खरं खोटं माहीत नाही. मी आधी नवऱ्याकडे बघितलं, कारण आमच्या डोक्यात अजून व्हिसाचाच हिशोब, मग आठवलं ग्रीनकार्ड येऊन दोन वर्षं झाली. "डॉक्टरला सांगू नकोस," काका म्हणाले. मी म्हटलं, मी कुणाला सांगणार? "तू कोड टाकतेस ना," म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी हसले.

किल्ली मी मिसळणाच्या जुन्या डब्यात ठेवली, मोहरीच्या वाटीखाली. ऑक्टोबरमध्ये एल्कच्या सीझनला ते मागायला आले. मी दोन मिनिटं दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांनीही बघू दिलं. मग दिली. नवव्या दिवशी सकाळी किल्ली परत आली, सोबत भाजलेल्या मिरच्यांची पिशवी आणि कागदात गुंडाळलेलं मांस. आमच्याकडे मांस शिजत नाही हे त्यांना दहा वर्षांपासून माहीत आहे. मी ते फ्रीझरमध्ये ठेवलंय.